चित्र छापले, गोष्ट कुठे आहे?

महोदय,

रविवारच्या पुरवणीत लघुचित्रांवरील लेख वाचला. अकबराच्या चित्रशाळेतल्या ‘तूतीनामा’चे, म्हणजे पोपटाने सांगितलेल्या गोष्टींच्या फारसी पुस्तकाचे, एक चित्र चांगले अर्धे पान भरून छापले आहे. खाली मजकूर काय, तर ‘मुघल शैली, सुमारे १५६०, कागदावर जलरंग’. त्यातले जनावर कोणते, ते ओरडते का, याबद्दल अवाक्षर नाही.

ते वाघाचे कातडे पांघरलेले गाढव आहे. मालकाने चाऱ्याचा खर्च वाचवायला त्याला कातडे चढवून लोकांच्या शेतात सोडले. वाघ समजून कुणी जवळ फिरकेना. मग एके रात्री दुसऱ्या गाढवांचे ओरडणे कानी आले, याला राहवेना, यानेही सूर लावला आणि पितळ उघडे पडले. चित्रकाराने नेमका तो क्षण धरला आहे. आपल्याकडे तिसरीतल्या पोरालाही ही गोष्ट पंचतंत्रातून ठाऊक असते. मी चित्रकला शिकवत होतो तेव्हा हे पान हाती असते, तर नुसते ‘हा कोण?’ विचारून वर्ग डोक्यावर घ्यायला लावला असता.

नक्शबी नावाच्या लेखकाने १३३० मध्ये फारसीत रचलेल्या या पुस्तकाचे मूळ संस्कृत ‘शुकसप्तती’त, तीच जुन्या मराठीत ‘शुकबहात्तरी’ झाली. व्यापारी परदेशी गेलेला, बायको खुजस्ता प्रियकराकडे निघालेली. घरात पाळलेली मैना आणि पोपट. मैनेने तोंडावर ‘जाऊ नकोस’ म्हटले, तर मैनेचाच जीव गेला. (नवा मास्तर पहिल्या वर्षी हेच करतो.) पोपट बेरका. तो म्हणतो, जा की, पण आधी एवढी गोष्ट ऐकून जा. ऐकता ऐकता उजाडते. अशा ५२ रात्री! म्हणून तर दोनशेहून जास्त चित्रे या एका प्रतीत आहेत, आणि पाने जेमतेम वीतभर उंचीची. गोष्टीच्या ओळी आणि चित्र त्या पानावर शेजारी नांदतात; आपण फारसी ओळी कापून चित्र तेवढे ठेवलेत.

ही प्रत अमेरिकेत क्लीव्हलँडच्या संग्रहालयात आहे आणि तिची छायाचित्रे इंटरनेटवर मोफत मिळतात, म्हणजे चित्रांना तोटा नाही. पुढच्या वेळी त्यांच्याखाली गोष्टीच्या चार ओळी द्या. जागेची अडचण असेल तर ‘कागदावर जलरंग’ गाळा.

– एक निवृत्त चित्रकला शिक्षक, वाई