पाच रुपये परत मागणाऱ्या काकांना

काका,

तुमच्याकडे फोन आहे तो बटणांचा, त्यामुळे हे तुम्ही स्वतः वाचणार नाही. तुमची नात वाचून दाखवेल, तिला मी सांगून ठेवलंय. समोर बोलायला गेले असते तर तुम्ही 'बरं बरं, तवा बघ, जळतंय' म्हणून उठला असतात.

आभार मानायचेत ते पाच रुपये परत मागितल्याबद्दल.

हसू नका. गाळा सुरू केला तेव्हा थालीपिठाचा दर ४५ रुपये ठेवला. फोनवरून पैसे टाकणारे बरोबर तेवढेच टाकतात, पण नोट देणारे पन्नासची नोट ठेवायचे आणि मी गल्ल्यात हात घालेपर्यंत चालायला लागायचे. 'राहू दे, राहू दे.' कुणी घाबरून, कुणाला दया आली म्हणून, कुणी पुण्य लागेल म्हणून. एक बाई तर पैसे देऊन डोकं पुढे करायच्या, हात ठेव म्हणायच्या. मी दुकानादुकानांतून टाळी वाजवून मागितलंय, आशीर्वाद देऊन पोट भरलंय. त्याची लाज नाही मला, माझ्या गुरूनं त्याच पैशांवर मला जगवलं. पण पहाटे उठून भाजणी मळायची, कांदा चिरायचा, आणि वर ते पाच रुपये हातात पडले की कळायचं, समोरच्यानं थालीपिठाचे पैसे दिलेलेच नाहीत.

मग तुम्ही आलात. खाल्लंत, 'धणे जास्त झालेत' म्हणालात, नोट दिलीत आणि उभे राहिलात. मी आपली पुढच्या तव्याकडे वळलेली.

'अगं पोरी, पाच रुपये.'

सुट्टे नव्हते. उद्या देते म्हटलं, तर तुम्ही खिशातून पेन काढलंत, भिंतीवरच्या कॅलेंडरचा गेल्या महिन्याचा कागद फाडलात, त्यावर '५ रु. येणे' लिहिलंत आणि खाली माझी सही घेतलीत. सही! तिकिटाच्या मागे बाकी लिहून देण्यात एसटीतली सगळी नोकरी गेली तुमची, त्या सवयीनंच केलं असणार. दुसऱ्या दिवशी कागद पुढे केलात, पाचाचं नाणं निरखून घेतलंत, कागदाचे तुकडे करून डब्यात टाकलेत. मला आजवर लोकांनी पुष्कळ दिलंय, काका. माझ्याकडून येणं आहे असं कुणी कधी लिहून ठेवलं नव्हतं.

त्याआधी कोण कोण भेटलं होतं, ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. सुप्रीम कोर्टानं २०१४ मध्ये आम्हाला मान्यता दिली. २०१९ चा कायदा आला, त्यात जागा भाड्यानं देताना तृतीयपंथी म्हणून भेदभाव करू नये असं चक्क लिहिलंय. ओळखपत्र माझ्या पर्समध्ये आहे. एका एजंटला दाखवलं, तर म्हणाला, 'ताई, कायदा बरोबरच आहे हो, पण सोसायटीचं काय करू?' एक मालक फोनवर डिपॉझिट ठरवून मोकळे झाले होते, मला बघितल्यावर त्यांचा भाचा अचानक अमेरिकेहून परत यायला निघाला. गाळ्याची खरी दारं अशी बंद होतात. कुणी शिवी देत नाही, भाचे मात्र फार असतात लोकांना.

आणि एका कंपनीनं मला बोलावलं होतं, जून महिन्यात, आमच्यासारख्यांचा 'प्राइड' महिना म्हणून, सप्तरंगी फुगे वगैरे लावून. शाल दिली, श्रीफळ दिलं, 'प्रेरणादायी' म्हणाले. मग सगळे जेवायला गेले आणि जेवण दुसऱ्याच केटररकडून आलेलं. मी थालीपीठ विकते हे सांगायलाच मला उभं केलं होतं ना? नारळ मात्र चांगला निघाला, चटणी झाली त्याची.

वाशीला २०२२ मध्ये 'थर्ड आय कॅफे' निघाला, तिथे आमची माणसं कामाला घेतली. त्याच वर्षी पिंपरी-चिंचवड महापालिकेनं तृतीयपंथीयांना सुरक्षारक्षक म्हणून नेमलं. बातम्या सगळ्यांनी वाचल्या, पुढे पाठवल्या, खाली हात जोडलेले. मला प्रश्न पडतो तो एवढाच, की त्या कॅफेत दुसऱ्यांदा जेवायला कितीजण गेले असतील? पहिल्यांदा माणूस कौतुक करायला येतो. दुसऱ्यांदा भूक लागली म्हणून येतो, आणि भाडं निघतं ते त्या दुसऱ्या वेळच्या गिऱ्हाइकावर. या शहरात आमच्यातले कितीतरी धंदा करतात. कुणी ब्लाउज शिवतं, कुणाचं पार्लर आहे. माझ्या ओळखीतली दोन मुलं मिळून केक करतात, घरमालकाला मावसभाऊ आहोत म्हणून सांगतात. त्यांच्याकडे जा, असं मी लोकांना सांगते, पण दर बघून जा, केक कोरडा असला तर तोंडावर सांगा, आणि उरलेले पैसे मागून घ्या.

तुम्ही हे कुठं शिकलात कुणास ठाऊक. बहुतेक शिकला नसालच. चालत्या गाडीत सगळ्या गावची माणसं चढताना उतरताना बघितलेल्याला, ज्याचे त्याला चोख द्यावेत आणि आपले आपण घ्यावेत, एवढं पुरत असेल. तुमची डेपोतली मित्रमंडळी येतात आता रविवारी, ठेचा कमी दिला म्हणून ओरडतात, आणि हिशोब करायला बसले की शेजारच्या क्लासच्या पोरांना बाक मिळत नाही. त्या पोरांच्या आया आधी त्यांना इथलं खाऊ नका म्हणायच्या. आता त्याच डबा न्यायला येतात. तुमचं टोळकं बाकावर बसलेलं बघून आल्या असतील, माझी तक्रार नाही.

एक सांगायचं राहिलं. लोणी परवडेनासं झालंय, दिवाळीनंतर थालीपीठ पन्नास रुपये होणार. सुट्ट्यांची कटकट मिटेल. तुम्ही भांडायला येणार हे धरलेलंच आहे, फक्त अकरानंतर या, तोवर गर्दी असते.

तुमची,
थालीपीठवाली