आईला डोव्हरचा किल्ला दाखवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

समोरासमोर आभार मानायला गेले की तुम्ही हात झटकून विषय गाड्यांच्या वेळापत्रकाकडे नेता, हे मला आता ठाऊक झाले आहे. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत. तुमचे नाव लिहीत नाही, कारण ते असे उघड लिहिलेले पाहून तुम्ही महिनाभर आमच्याकडे फिरकणार नाही. लंडनमधल्या हॅरोच्या आसपासच्या मराठी मंडळींना ते तसेही ओळखू येईलच.

आईला घेऊन डोव्हरच्या किल्ल्यावर जाऊन आलो त्याला आठवडाही झालेला नाही आणि अजून तिच्या बोलण्यात दुसरा विषय नाही. खेड तालुक्यातल्या शाळेत इतिहास शिकवण्यात जिची हयात गेली आणि जिने पोरांच्या कितीतरी तुकड्यांना चाकणच्या संग्रामदुर्गाचे पडके तट दाखवले, तिने इंग्लंडला आल्यावर एकच मागणी केली होती, की लढलेला एक किल्ला दाखव, नुसता राहायचा वाडा नको. मागणी साधी होती. पण ती पुरी करायला निघाल्यावर जे अनुभव आले, ते तुम्हाला मी कधी नीट सांगितले नाहीत.

ज्या सहल कंपनीकडे आम्ही आधी गेलो, तिने विंडसर, बाथ आणि स्टोनहेंज एका दिवसात बसने उरकण्याचा बेत पुढे केला आणि आईचे वय ऐकल्यावर ‘आजी बसमध्येच बसून राहिल्या तरी चालेल’ अशी सवलतही देऊ केली. पैसे अर्थातच पूर्ण. दुसऱ्या एका ठिकाणी फोन लावला, तर पलीकडच्या गृहस्थाने आईचे चालणे, तिचे औषध, तिचा विमा असे सगळे मला विचारले, आणि आई माझ्या शेजारी बसून सगळे ऐकत होती. ओळखीपाळखीच्या लोकांनी तर निकालच देऊन टाकला, की या वयात कसला किल्ला, त्यापेक्षा बागेत न्या, चहा पाजा, फोटो काढा. कोणी वाईट बोलले नाही, हेच त्यातले अवघड होते. सगळे काळजीपोटीच चालले होते आणि त्या काळजीत आई हळूहळू एखाद्या सामानासारखी होत चालली होती, जे कुठे ठेवायचे एवढाच काय तो प्रश्न. शेवटी ती स्वतःच म्हणाली, राहू दे, टीव्हीवर पाहीन.

त्याच रविवारी तुम्ही चहाला आलात. मी नेहमीप्रमाणे तिच्या गुडघ्यांची कहाणी सुरू केली. तुम्ही ती अर्ध्यावर थांबवलीत, खुर्ची उचलून आईच्या समोर नेऊन ठेवलीत आणि तिला विचारलेत, ‘‘बाई, किल्ल्यात तुम्हाला नेमके काय पाहायचे आहे?’’

काका, मला आभार मानायचे आहेत ते मुख्यतः या खुर्चीसाठी. पुढे तुम्ही जे जे केलेत ते उपयोगी होतेच, पण ते कदाचित आणखीही कोणी करू शकले असते. तिला बाई म्हणणारे माणूस या देशात आजवर तिला भेटले नव्हते, आणि तिला काय पाहायचे आहे हे मी, तिच्या पोटच्या मुलीनेही, इतक्या सरळ शब्दांत विचारले नव्हते. आईने क्षणभरही विचार केला नाही. ती म्हणाली, ‘‘जिथे तट फोडला ती जागा.’’

मग तुम्हा दोघांचे जे सुरू झाले त्यात मला जागाच उरली नाही. तिने तुम्हाला 1660 चा चाकणचा वेढा सांगितला, शाइस्ताखानाच्या सुरुंगाने बुरूज उडाल्यावरही फिरंगोजी नरसाळा कसा झुंजत राहिला ते सांगितले. आणि तुम्ही तिला 1216 सालचे डोव्हर सांगितलेत. फ्रान्सचा राजपुत्र लुई बाहेर तळ देऊन बसलेला, आत इंग्रजांचा ह्यूबर्ट डी बर्ग किल्ला लढवतोय, आणि फ्रेंच सुरुंग्यांनी खालून जमीन पोखरून उत्तर दरवाजाचा एक बुरूज खाली आणल्यावर आतल्या लोकांनी लाकडाचे ओंडके रचून खिंडार बुजवलेले. किल्ला पडला नाही. आईचा चहा गार झाला होता आणि मला तो पुन्हा गरम करू देण्याइतकीही तिला सवड नव्हती. डोव्हर तिथेच ठरले.

त्यानंतरचा बेत तुम्ही त्या तुटलेल्या तटापासून उलटा मांडत आलात. रविवार नको, कारण रुळांची कामे बहुधा त्याच दिवशी निघतात आणि आगगाडीऐवजी बसमध्ये बसावे लागते. लंडनच्या चेरिंग क्रॉस स्टेशनावरून जाणारी गाडी रेंगाळत जाते, म्हणून सेंट पँक्रसहून वेगवान गाडी, जी साधारण तासाभरात डोव्हर प्रायरीला पोहोचवते. स्टेशनावरून किल्ला हाताशी दिसत असला तरी वाट उभ्या चढाची आहे, म्हणून जाताना टॅक्सी, आणि उतरतानाही टॅक्सीच, कारण गुडघ्याला चढापेक्षा उतार जड जातो. हे शेवटचे वाक्य तुम्ही आणि आई एकाच वेळी बोललात. गाडीत चढता-उतरता मदत हवी असेल तर रेल्वे ती विनामूल्य देते, फक्त आधी कळवलेले बरे, हेही तुमच्याकडूनच कळले. इतकी वर्षे इथे राहून मला त्याचा पत्ता नव्हता.

आणि उजव्या बाजूची खिडकी. फोकस्टन मागे पडल्यावर रूळ खडूच्या पांढऱ्या कड्यांखालून, अगदी समुद्राला लागून जातात, मध्ये बोगदे लागतात आणि बोगद्यांच्या मध्ये समुद्र. तो मार्ग काढताना 1843 मध्ये राउंड डाउन नावाचा एक अख्खा कडा सुरुंगाची आठ टनांहून अधिक दारू भरून एका दणक्यात समुद्रात पाडला होता, ही गोष्ट तुम्ही आईला निघण्याच्या आदल्या रात्री फोन करून सांगितलीत. परिणाम असा झाला, की समोरच्या आसनावर बसलेल्या एका अनोळखी इंग्रज दांपत्याला ती आईकडून, तिच्या शाळामास्तरी इंग्रजीत, साग्रसंगीत ऐकावी लागली. ती दोघे त्याच परिसरात राहणारी निघाली आणि त्यांना ती गोष्ट ठाऊक नव्हती. आईच्या चेहऱ्यावरचे समाधान तुम्ही पाहायला हवे होते.

तुम्ही लिहून दिलेला कागद तिने पर्समधून मला काढू दिला नाही. त्यात परतीच्या तीन गाड्यांच्या वेळा तुम्ही एकाखाली एक लिहिल्या होत्या आणि पुढे लिहिले होते, ‘कोणती पकडायची ते बाई ठरवतील.’ तिकीटही म्हणूनच ठरावीक गाडीला न बांधलेले घ्यायला लावलेत. थोडे महाग पडले, पण त्या एका ओळीची किंमत मला तिथे गेल्यावर कळली. इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री याने 1180 च्या दशकात उभारलेल्या मुख्य बुरुजाशी आई पोहोचली, भिंती काही ठिकाणी सहा मीटरपेक्षा जाड आहेत हे वाचून तिने दगडावर तळहात टेकवला, आतले जिने पाहिले आणि शांतपणे म्हणाली, हे नको, हे तू बघून ये. महायुद्धातले बोगदेही तिने सोडले, जिथून 1940 मध्ये ब्रिटिश ॲडमिरल रॅम्सीने फ्रान्समधल्या डंकर्कहून सैन्य परत आणण्याची मोहीम चालवली. मला ते सोडवत नव्हते, पण ठरवणारी ती होती.

तिने आपला सगळा वेळ उत्तरेकडच्या त्या दरवाजासाठी राखून ठेवला होता. वेढा संपल्यावर इंग्रजांनी तो कायमचा बुजवून टाकला आणि येण्याजाण्यासाठी पश्चिमेकडे नवा दरवाजा बांधला. पाहायला तिथे तसे फार काही नाही. लोक येतात, पाटी वाचतात, पुढे जातात. आई तिथे बसून राहिली. सुरुंग कुठल्या अंगाने आला असेल, जमिनीचा चढ कुठून सुरू होतो, खडू पोखरायला मऊ पण ढासळायलाही सोपा, मग आधाराला लाकूड किती लागले असेल, असे तिचे सुरू होते. दोनदा मी घड्याळाकडे पाहिले आणि दोन्ही वेळा तिने कागदावरची तुमची ओळ दाखवली. आम्ही परतलो ते तिसऱ्या गाडीने.

मदत करणारी माणसे जगात कमी नाहीत, आणि सहल कंपनीवर मी कितीही चरफडले तरी तिथले लोक दुष्ट नव्हते. पण म्हाताऱ्या माणसाला मदत करताना बहुतेक जण त्याच्या हातातला निर्णय आधी काढून घेतात आणि मग अगदी मायेने त्याचा हात धरतात. तुम्ही आधी निर्णय तिच्या हातात ठेवलात. सज्जनपणाची ही तऱ्हा मी फार थोड्या लोकांत पाहिली आहे, आणि ज्यांच्यात पाहिली त्यांना आपण काही विशेष केले असे वाटतही नाही, तुमच्यासारखेच.

आता एक तक्रार. तुमच्यामुळे आई मोकाट सुटली आहे. रॉचेस्टरच्या किल्ल्याचा एक कोपरा चौकोनी नसून गोल का आहे, हे तिने शोधून काढले आहे: 1215 मध्ये जॉन राजाने त्याखाली सुरुंग खणून आधाराची लाकडे चाळीस लठ्ठ डुकरांच्या चरबीने पेटवली, कोपरा कोसळला आणि पुढे तो गोल बांधला गेला. ती डुकरे पाठवण्याचा हुकूम ज्याला गेला तो हाच ह्यूबर्ट डी बर्ग, हे कळल्यापासून तिला झोप नाही. रॉचेस्टरला सेंट पँक्रसहून सरळ गाडी आहे, हेही तिला कळले आहे. येत्या शनिवारी जेवायलाच या, पुरणपोळी करते आहे, आणि येताना वेळापत्रक घेऊन या. प्रश्नांची यादी बाईंनी तयार ठेवली आहे.

आपली नम्र,
बाईंची मुलगी