अपक्षाला मत देऊन काय होईल?

खानापूर

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. पक्षवाल्यांना विटून पक्षाबाहेरच्या माणसाला मत द्यायचं तुमच्या निपाणीतल्या पोरांनी मनावर घेतलंय, हे वाचून बरं वाटलं. त्यानं खरंच काही बदलतं का, असं तू विचारतोस. बदलतं. पण नुसत्या मतानं फार थोडं बदलतं, हे त्यांना आत्ताच स्पष्ट सांग.

१९९६ची लोकसभा आठव. सीमाप्रश्नाकडे दिल्लीचं लक्ष वेधायला बेळगावात ४५६ उमेदवार उभे होते. लक्ष गेलं, पण त्यातून निघालं काय? डिपॉझिट पाचशेचं दहा हजार झालं आणि अपक्षाला दहा सूचक सक्तीचे झाले. आज लोकसभेला पंचवीस हजार आणि विधानसभेला दहा हजार भरावे लागतात, अनुसूचित जाती-जमातींना त्याच्या निम्मे. वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा कमी मतं पडली की ते जप्त. राग दाखवायला निवडणूक उपयोगी पडली, पण दाखवून झाल्यावर पुढं काय करायचं ते कुणी ठरवलेलं नव्हतं.

अपक्षाची खरी अडचण चिन्हापासून सुरू होते. कमळ, हात हे लोकांच्या डोळ्यांत वर्षानुवर्षे बसलेले. अपक्षाला चिन्ह मिळतं माघारीची मुदत संपल्यावर, आणि तिथून मतदानापर्यंत जेमतेम दोन आठवडे उरतात. यंत्रावर त्याचं नावही मान्यताप्राप्त पक्षांच्या आणि नोंदणीकृत पक्षांच्या खाली येतं. सीमाप्रश्नावर लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचे उमेदवारही कागदोपत्री अपक्षच, त्यामुळे एका मतदारसंघात एक चिन्ह, शेजारी दुसरं. पंधरा दिवसांत शे-दीडशे गावांतल्या म्हाताऱ्या माणसांपर्यंत ते चिन्ह पोचवायचं तर गावोगाव माणसं आधीच ठरलेली हवीत. चिन्ह मिळाल्यावर माणसं शोधायला निघालेला उमेदवार तिथंच हरला असं समज.

पैशाचंही तसंच. विधानसभेला खर्चाची मर्यादा चाळीस लाख आहे, पण पक्षाचा सर्वसाधारण प्रचार उमेदवाराच्या खात्यात धरत नाहीत. अपक्षाचा मात्र चहासुद्धा त्याच्याच नावावर. अर्ज भरण्याआधी निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं उघडायचं आणि निकालानंतर तीस दिवसांत हिशेब द्यायचा. हिशेब चुकवला तर तीन वर्षं निवडणूक लढवता येत नाही. हौशी उमेदवार हरल्यावर हिशेबाकडे पाठ फिरवतात आणि नेमके इथंच अडकतात.

आता बूथ. आमच्या खानापुरात ते अडीचशेच्या घरात. प्रत्येक बूथवर एक एजंट आणि त्याला मोकळा करायला एक, म्हणजे पाचशे विश्वासाची माणसं लागतात. एजंट मतदानाच्या दीड तास आधी पोचला पाहिजे, कारण निदान पन्नास मतांचं मॉक पोल, म्हणजे चाचणी मतदान, त्याच्यासमोर होतं आणि मग ती मतं पुसली जातात. संध्याकाळी फॉर्म १७ सीची सही केलेली प्रत घेतल्याशिवाय त्यानं उठायचं नाही. त्यावर एकूण पडलेली मतं आणि यंत्राचे नंबर असतात, मोजणीच्या टेबलावर तेच ताडून बघायचे असतात. ज्या उमेदवाराकडे हे कागद गोळा झालेले नसतात, त्यानं नंतर यंत्राच्या नावानं कितीही ओरडलं तरी हातात काही नसतं. आणि याच्याही कितीतरी आधी मतदारयादी. नवीन नावाला फॉर्म सहा, पत्ता बदलायला किंवा दुरुस्तीला आठ. पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेल्या पोरांची नावं कुठं आहेत, कुठली गळलीत, हे गल्लीवार तपासायचं काम उन्हाळ्यात होतं, प्रचारात नव्हे.

एकी नसेल तर हे सगळं वाया जातं. २०१३ला समितीचे दोन आमदार निवडून आले, बेळगाव दक्षिण आणि खानापूर. २०१८ला खानापुरात समितीचेच दोन गट समोरासमोर उभे राहिले. दोघांच्या मतांची बेरीज निवडून आलेल्या उमेदवारापेक्षा जास्त होती! अजून ते आठवलं की जीव तुटतो. उमेदवार कोण हे अर्ज भरायच्या कितीतरी आधी, गावागावांतल्या प्रतिनिधींच्या बैठकीत ठरलं पाहिजे आणि हरलेल्यानं लेखी पाठिंबा दिला पाहिजे.

निवडून आल्यावर काय? अपक्षाला पक्षाचा व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा आदेश, नाही, ही त्याची मोठी ताकद. बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये भरणाऱ्या विधानसभा अधिवेशनात तो मोकळेपणानं प्रश्न विचारू शकतो. निवडून आल्यावर तो कुठल्या पक्षात गेला तर पक्षांतरबंदीनं आमदारकी जाते. पण कायद्यावर फार विसंबू नये. २०१९ला आपल्याच जिल्ह्यातले गोकाक, अथणी आणि कागवाडचे तीन काँग्रेसचे आमदार अपात्र ठरले आणि डिसेंबरच्या पोटनिवडणुकीत भाजपकडून परत निवडून आले. अपात्र कायद्यानं केलं आणि परत आपणच पाठवलं.

तुझ्या जवळचंच उदाहरण राजू शेट्टींचं. आधी उसाच्या दराचं आंदोलन, मग २००२ला जिल्हा परिषद, २००४ला शिरोळमधून अपक्ष आमदार, २००९ला हातकणंगलेचे खासदार. पायरी सोडली नाही, आणि प्रत्येक पायरीवर मागं उसवाले उभे होते. पुढं २०१९ आणि २०२४ला ते पडले, पण संघटना राहिली. उलट २०२५च्या नोव्हेंबरात आपल्या जिल्ह्यातल्या गुर्लापूरला शेतकऱ्यांनी एकही मत न टाकता उसाला टनामागं ३,५०० रुपयांची मागणी लावून धरली आणि सरकारला ३,३०० ठरवावे लागले. म्हणून म्हणतो, संघटना आधी बांधा, उमेदवार त्यातूनच निघेल.

तुमच्या पोरांना ग्रामपंचायतीपासून सुरू करायला सांग. तिथं पक्षाचं चिन्हच नसतं आणि साधारण चारशे लोकसंख्येमागं एक सदस्य, म्हणजे वॉर्डातली बरीचशी घरं ओळखीची असली तरी जिंकता येतं. आणि जो कुणी मत मागायला येईल त्याच्याकडून आधी लेखी घ्या. सीमाप्रश्न २००४पासून सुप्रीम कोर्टात आहे, तो आमदाराच्या हातात नाही. निकाल लागेपर्यंत पंधरा टक्क्यांवर मराठी असलेल्या भागात मराठीत कागदपत्रं मिळवून देणार का, आमदार निधीचा हिशेब दर सहा महिन्यांनी गावात वाचणार का, मराठी शाळेतल्या रिकाम्या जागांवर विधानसभेत प्रश्न विचारणार का? उत्तरं सहीनिशी घ्या आणि देवळाच्या भिंतीवर लावा.

बूथवार यादी तपासायचा तक्ता मी करून ठेवलाय, पुढच्या टपालानं पाठवतो. तुमच्या भागाचे नंबर मला कळव. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
शिवाजी