पश्चिमेच्या खिडकीपासून घर सजवायला सुरुवात करावी

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या वृत्तपत्राच्या पुरवणीत घराच्या अंतर्गत सजावटीवर जे लेख येतात, ते मी अनेक वर्षे नेमाने वाचते आणि त्यांतली काही कात्रणे माझ्याजवळ जपून ठेवलेली आहेत. रंगसंगती, कपाटांची रचना, लहान खोली मोठी कशी भासवावी, याविषयी त्यांतून पुष्कळ शिकायला मिळाले. मात्र सोबतच्या छायाचित्रांत जी घरे दिसतात, ती कोणत्या गावातली आहेत, तिथल्या खिडकीबाहेर एप्रिल-मे महिन्यांत पारा किती चढतो आणि त्या घरात पाणी रोज येते की चार-पाच दिवसांआड येते, हे कुठेच लिहिलेले नसते. सोलापुरात घर लावताना पहिला विचार याच गोष्टींचा करावा लागतो. तो न करता केलेली सजावट फोटोत कितीही देखणी दिसली, तरी घरातल्या माणसांना त्या घरात बसवत नाही. हे मी अनुभवाने सांगते आहे आणि त्यासाठीच हे पत्र लिहीत आहे.

आमचे जुने घर उत्तर कसब्यात होते. सागाच्या तुळया, त्यांवर कड्या आणि किलचा म्हणजे लाकडी पट्ट्या, वर वीत-दीड वीत जाडीचा पांढऱ्या मातीचा थर, असे ते माळवदाचे घर होते. दगडमातीच्या भिंती इतक्या जाड होत्या, की देवळीत समई आणि कोनाड्यात पुस्तके ठेवूनही भिंतीचा अर्धा भाग मागे शिल्लक राही. भर दुपारी बाहेरून आत आले की सोप्यात पाऊल टाकताच डोळ्यांना अंधारी येई, पण पायाखालची शहाबादी फरशी गार लागे. त्या घराचे मी उगाच गुणगान करणार नाही. पावसाळ्याआधी दरवर्षी माळवदावर नवी माती पसरून धुमसावी लागे, नाहीतर माजघरात हमखास ठिबक लागे, आणि सान्यातून, म्हणजे छतातल्या झरोक्यातून, येणाऱ्या उजेडाखेरीज त्या माजघरात दिवसाही दिवा लावल्याशिवाय शिवण दिसत नसे. तरीही ते घर ज्यांनी बांधले, त्यांनी सोलापूरचे ऊन ओळखून बांधले होते, एवढे निश्चित. दिवसाचे ऊन त्या जाड भिंतींत आणि मातीत मुरायला इतका वेळ लागे, की ते आत पोहोचेपर्यंत संध्याकाळ झालेली असे आणि तोवर घरातली मंडळी अंथरुणे घेऊन माळवदावर गेलेली असत.

वाटण्या झाल्यावर आम्ही जुळे सोलापुरात चार मजली इमारतीतल्या दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या पैशांतून हौसेने त्याची सजावट करून घेतली. ज्यांना काम दिले होते, त्यांनी दिवाणखान्यातल्या पश्चिमेच्या खिडकीची उघडणारी तावदाने काढून तिथे एकसंध मोठी काच बसवली, छताखाली जिप्समचे दुसरे छत केले आणि पूर्वेच्या शयनगृहात भिंतभर कपाट करताना तिथली अर्धी खिडकी कपाटामागे झाकून टाकली. मी चाळीस वर्षे मुलांना चित्रकला शिकवली. तरीही कागदावरचा तो आराखडा पाहताना वारा कोणीकडून येणार आणि कोणीकडून जाणार, हा प्रश्न मला सुचला नाही, याची खंत मला आजही आहे.

पहिलाच एप्रिल उजाडला आणि दुपारी तीननंतर दिवाणखान्यात बसणे अशक्य झाले. माझ्या सासूबाई तेव्हा ब्याऐंशी वर्षांच्या होत्या. नव्या सोफ्यावर न बसता त्या सोलापुरी चादरीची चौघडी करून, घराच्या मुख्य दारात उंबऱ्याजवळ, जिन्याकडे तोंड करून बसू लागल्या. आत चला म्हटले की म्हणायच्या, "हितं जरा वारं लागतंय बघ." साडेतीन लाख रुपये खर्चून सजवलेल्या घरात वडीलधाऱ्या माणसाने जिन्यालगत बसून दुपार काढावी, याचे मला फार वाईट वाटले आणि तेव्हापासून मी या विषयाचा नीट अभ्यास करायला घेतला.

पश्चिमेच्या खिडकीचे गणित साधे आहे, पण ते समजून घ्यायला हवे. सोलापूर सुमारे साडेसतरा अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीवर ऊन जवळपास पडतच नाही. ते पडते गच्चीवर आणि पूर्व-पश्चिम भिंतींवर. सायंकाळी पाचच्या सुमारास सूर्य क्षितिजापासून जेमतेम पंचवीस अंशांवर असतो. खिडकीवर दोन फुटांचा सज्जा असला, तरी त्या वेळी त्याची सावली वरच्या फूटभर भागावरच पडते आणि उरलेल्या सगळ्या काचेतून ऊन थेट आत येते. जाड, भारी पडदा आतून लावला तर उजेड अडतो. ऊब मात्र काचेच्या अलीकडे येऊन चुकलेली असते. म्हणून ऊन अडवायचे ते काचेच्या बाहेर. बांबूच्या कामट्यांची चिक किंवा वाळ्याचा पडदा बाहेरून सोडला, म्हणजे तापते ती चिक आणि तिची ऊब बाहेरच्या हवेत निघून जाते. हे शहाणपण आपल्या आज्या-पणज्यांना होते. सजावटीच्या दुकानांत चिक आता 'नैसर्गिक शैली' म्हणून आतल्या बाजूला लावायला विकतात, तेव्हा तिचा अर्धा उपयोग वाया जातो.

आम्ही अखेर ती एकसंध काच काढून पुन्हा उघडणारी तावदाने बसवली, बाहेर चिक लावली, शयनगृहातले कपाट दुसऱ्या भिंतीला सरकवून पूर्वेची खिडकी मोकळी केली. आता सकाळी नऊच्या आत खिडक्या लावून घ्यायच्या, चिक सोडायची आणि सूर्य मावळल्यावर दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघडायच्या, असा घराचा दिनक्रमच ठरून गेला आहे. काँक्रीटचा स्लॅब दिवसभर तापून रात्री ऊब सोडतो, त्यामुळे रात्री हवा आरपार खेळली नाही तर घर पहाटेपर्यंत निवत नाही. दिवाणखान्याच्या मधल्या भागातले जिप्समचे छतही आम्ही काढले. पंख्याची पाती छतापासून निदान फूटभर खाली असली तरच त्याला वरून पुरेशी हवा ओढता येते. खोटे छत खाली आले, की पंख्याची दांडी आखूड करावी लागते आणि मग तो नुसता फिरत राहतो. सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना अशा छतामुळे मधल्या पोकळीचा थोडा फायदा होतो, हे मला मान्य आहे, परंतु त्यांनीही आधी गच्चीला पांढरा चुना किंवा ऊन परतवणारा पांढरा रंग लावावा, कारण त्यांच्या घरातली बहुतेक ऊब गच्चीतूनच उतरते.

रंगांविषयी फार लिहीत नाही, कारण आपल्या लेखांत ते भरपूर येते. दिव्यांविषयी मात्र एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या तुलनेत साधारण एक तृतीयांशच उजेड पोहोचतो. घरात आजी-आजोबा असतील, तर छतातल्या दहा लहान दिव्यांपेक्षा त्यांच्या खुर्चीजवळ, पोथी किंवा वर्तमानपत्र धरतात त्या जागेवर थेट पडणारा एक चांगला दिवा त्यांना जास्त उपयोगी पडतो. शयनगृहात 6,500 केल्विनचा निळसर पांढरा दिवा लावून झोप येत नाही म्हणणारी घरे मी पाहिली आहेत. तिथे 2,700 केल्विनचा पिवळसर दिवा लावावा.

आता पाण्याविषयी. उजनी धरणाचे पाणी आमच्या भागात इतक्या वर्षांत रोज कधीच आलेले नाही. साहजिकच प्रत्येक घरात बॅरल, पिंपे, हंडे आणि बादल्या भरून ठेवाव्या लागतात, आणि सजावटीच्या एकाही आराखड्यात त्यांना जागा नसते. परिणामी ती बॅरले कधी गॅलरीत, कधी न्हाणीघराच्या दारात, कधी देवघराला चिकटून उभी राहतात आणि घरातल्या बाईला दिवसातून वीस वेळा त्यांना वळसा घालून जावे लागते. दोनशे लिटरचे भरलेले बॅरल दोनशे किलोंपेक्षा जास्त वजनाचे असते. एकदा भरले की ते हलवता येत नाही, म्हणून त्याची जागा आधीच ठरवायला हवी. ओट्याच्या शेवटी किंवा धुण्याच्या जागेजवळ त्याला कोनाडा ठेवावा, खाली तोटी बसवावी आणि समोर झाकणाचा कठडा केला तर पाहुण्यांसमोरही ते बोचत नाही. आठवड्यातून एकदा ते पूर्ण रिकामे करून घासता येईल, अशीच रचना असावी, कारण डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. कूलर घेणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे. सोलापूरच्या कोरड्या हवेत कूलर चांगला चालतो, मात्र तो खिडकीत बसवून समोरची दुसरी खिडकी थोडी उघडी ठेवावी लागते, आणि त्याला लागणारे पाणीही याच साठ्यातून द्यायचे असते.

ज्या घरांना सजावटीचे मार्गदर्शन सर्वांत जास्त हवे आहे, त्यांच्याविषयी आपल्या पुरवणीत काहीच येत नाही. सोलापूरजवळ कुंभारी येथे कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्या नावाने विडी कामगार महिलांसाठी उभी राहिलेली 10,000 घरांची वसाहत आहे. त्याच परिसरात रे नगरची वसाहत झाली आणि जानेवारी 2024 मध्ये तिथली 15,000 घरे यंत्रमाग कामगार, विडी कामगार, फेरीवाले, कचरावेचक अशा कष्टकरी कुटुंबांना मिळाली. एवढ्या मोठ्या संख्येने माणसे आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या घरात राहायला गेली, ही आपल्या शहरासाठी केवढी अभिमानाची गोष्ट आहे. त्या घरांत सोफा, दिवाण यांपेक्षा पहिला प्रश्न असा असतो, की विड्या वळायला मांडीवर सूप घेऊन बसायचे कुठे. विडी वळणारी बाई उंबऱ्यात येऊन बसते, याचे कारण उजेड आणि वारा तिथेच असतो. आपल्याकडे खिडकीचा कट्टा जमिनीपासून तीन फुटांवर ठेवण्याचा प्रघात आहे. तो खुर्चीवर बसणाऱ्याला ठीक आहे, परंतु जमिनीवर बसून काम करणाऱ्या आणि जमिनीवरच झोपणाऱ्या माणसांच्या डोक्यावरून सगळा वारा निघून जातो. एका खोलीत तरी खिडकी दीड फुटांवरून सुरू झाली आणि तिला मजबूत जाळी लावली, तर तीच बाई आतल्या गारव्यात बसून काम करू शकेल आणि शेजारी मूलही निवांत झोपेल. ओट्याचेही तसेच आहे. त्याची उंची उभ्या बाईच्या कोपराखाली चार-पाच इंच असावी. पाच फूट उंचीच्या बाईला बत्तीस-तेहतीस इंचांचा ओटा पुरतो. ठेकेदाराच्या सोयीने केलेल्या छत्तीस इंचांच्या ओट्यावर पोळ्या लाटून खांदे दुखतात.

सोलापूर हे कापडाचे गाव आहे, याचाही उपयोग आपण घर सजवताना करून घेत नाही. भौगोलिक मानांकन मिळालेली चादर आणि टॉवेल आपल्याकडे तयार होतात, पूर्व भागातले विणकर हातमागावर वॉल हँगिंग विणतात, आणि आपल्या दिवाणखान्यांत मात्र प्लास्टिकच्या पानांची वेल आणि चकचकीत कृत्रिम कापडाचे पडदे असतात. सुती कापड घाम शोषते, धुतले की पुन्हा नवे होते. माझ्या घरी आता सोफ्यावर जुन्या चादरींचे अभ्रे आहेत, आणि पश्चिमेच्या खिडकीजवळ सासूबाईंची वेताची खुर्ची आहे. त्या वर्षभरापूर्वी गेल्या. पण शेवटची दोन वर्षे दुपारचा चहा त्यांनी त्याच खुर्चीत बसून घेतला, दारात नाही.

माझी आपल्याला विनंती आहे, की पुरवणीतील सजावटीच्या सदरात महिन्यातून एकदा तरी सोलापुरातले एक खरे घर घ्यावे. ते कसब्यातले माळवद असो, साखर पेठेतले माग असलेले घर असो किंवा कुंभारीच्या वसाहतीतले असो. त्याचा नकाशा मापांसह छापावा, खिडक्यांच्या दिशा दाखवाव्यात, पाणी कुठे साठवले आहे आणि घरातली माणसे दुपारी कुठे बसतात, हे त्यावर नोंदवावे आणि झालेला खर्चही लिहावा. आपल्या शहरातल्या तरुण वास्तुरचनाकारांना यासाठी बोलावले, तर ते आनंदाने येतील, असे मला वाटते. पहिल्या लेखासाठी उपयोगी पडला तर घ्यावा, म्हणून आमच्या फ्लॅटचा, चुका आणि दुरुस्त्या दोन्ही दाखवणारा, मी स्वतः काढलेला नकाशा या पत्रासोबत जोडला आहे.

कळावे,

आपली नम्र,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका,
जुळे सोलापूर