बाबा, इथल्या बसमध्ये अजून कंडक्टर असतात

मोन्तेविदेओ, उरुग्वे
5 फेब्रुवारी 2026

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर रोज बोलतो तरी पत्र लिहायला बसलेय. फोनवर बाबांना अर्धंअधिक ऐकू येत नाही आणि ते नुसतं "हो हो, बरं बरं" म्हणतात, ते मला कळतं. दुसरं म्हणजे एक गोष्ट मी तुम्हाला फोनवर सांगितलेली नाही. ती सावकाश, सगळी सांगायची आहे. इथून टपालात टाकलं तर पत्र कधी पोचेल कोण जाणे, म्हणून पुण्यात उतरले की स्पीड पोस्टाने पाठवते.

आई, तू पहिल्या दिवसापासून विचारतेयस, "हा देश आहे तरी कुठे?" ब्राझील आणि अर्जेंटिना या दोन दांडग्या देशांच्या मध्ये, समुद्राला लागून. अख्खा देश महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोडा मोठा. माणसं 35 लाखांच्या आसपास, त्यातली निम्मी या राजधानीत आणि तिच्या भोवती. गुरं मात्र एक कोटीच्या वर. बसच्या खिडकीतून तासन् तास कुरणं आणि गुरंच दिसतात. डोंगर नाहीत, घाट नाहीत. बाबा, आंबेनळीत गाडी चालवणाऱ्यांना तुम्ही किती मानायचात, त्यांना इथे झोपच येईल.

मी आले ती अर्जेंटिनातल्या ब्वेनोस आयरेसहून बोटीने, कोलोनियाला. मधलं पाणी नदीचं, पण पलीकडचा काठ दिसत नाही. रंग पावसाळ्यातल्या वाशिष्ठीसारखा. कोलोनिया हे पोर्तुगीजांनी 1680 मध्ये वसवलेलं गाव, स्पॅनिश लोकांच्या अगदी नाकासमोर. मग शंभर वर्षं दोघांची त्यावरून मारामारी. दगडी गल्ल्यांतून पाणी वाहून जायला मधोमध उतार ठेवलाय. तटाजवळ उभी राहिले आणि रेवदंड्याची आठवण आली. तेच लोक, तसाच दगड, तसाच खारा वारा. कुठे दापोली आणि कुठे हे गाव, पण एका बाजूने ओळखीचं निघालं.

आता बसचं. बाबा, हे तुमच्यासाठी.

मोन्तेविदेओच्या सिटी बसमध्ये अजून कंडक्टर आहेत. सगळ्या गाड्यांत नाहीत, काहींत आता ड्रायव्हरच पैसे घेतो, पण पुष्कळ गाड्यांत पुढच्या दाराजवळ कंडक्टरची वेगळी बसायची जागा असते. त्याला म्हणतात "ग्वार्दा". गंमत म्हणजे स्पॅनिशमध्ये "कोंदुक्तोर" म्हणजे ड्रायव्हर! पहिल्या दिवशी एका ग्वार्दाबाईंना मी मोडक्यातोडक्या भाषेत सांगितलं, की माझे वडील 33 वर्षं हेच काम करत होते. बाईंनी तिकीट फाडता फाडता हात थांबवला आणि ड्रायव्हरला ओरडून सांगितलं. पुढचे चार स्टॉप मला विचारत होत्या: किती उतारू, किती तासांची ड्यूटी, पेन्शन किती. तुमच्या तिकिटांच्या पेटीचं आणि चिमट्याचं मी हातवारे करून सांगितलं. "टक टक," मी म्हटलं, आणि त्यांना कळलं.

लांबच्या गाड्या सुटतात त्रेस क्रूसेस नावाच्या स्टँडवरून. फलाटांना नंबर, तिकिटावर सीट नंबर, गाडी वेळेवर. देश छोटा असल्याने इथून बहुतेक ठिकाणी पाच-सहा तासांत पोचता येतं. एकटीने फिरायला यापेक्षा सोपा देश मला तरी माहीत नाही. स्वस्त मात्र नाही. एक पेसो म्हणजे दोन रुपयांहून थोडे जास्त, आणि साध्या जेवणालाही शेकड्यांनी पेसो मोजावे लागतात. म्हणून एक वेळ बाहेर खायचं आणि एक वेळ मुक्कामाच्या स्वयंपाकघरात भात करायचा, असं मी ठरवून टाकलं.

आई, जेवणाची काळजी करू नकोस. गाईचं मांस इथे घरोघरी असतं, पण माझं अडत नाही. "फाइना" म्हणून एक प्रकार मिळतो: हरभऱ्याचं पीठ, पाणी, मीठ, तेल, मोठ्या ताटात ओतून लाकडाच्या भट्टीत भाजलेलं. तुझं बेसनाचं धिरडंच, फक्त जाड. मोठ्या गावांत पिझ्झाच्या दुकानांतून मिळतं. किनाऱ्यावर समुद्रातलं हिरवं शेवाळ पिठात कालवून त्याची भजी तळतात. पहिला घास भीतभीत घेतला, मग दोन बश्या खाल्ल्या. आणि मासे आहेतच.

सगळ्यांच्या हातात असतो "माते". भोपळ्याच्या लहान तुंब्यात कडू पाला भरायचा, गरम पाणी घालायचं आणि धातूच्या नळीने ओढायचं. थर्मास काखेत. रस्त्याने चालताना, किनाऱ्यावर, दुकानाच्या गल्ल्यावर, सगळीकडे. एकच नळी सगळ्यांत फिरते. आई, तुला उष्ट्याचं वाटेल, मलाही आधी वाटलं. पण ज्याने हातात दिलं त्याला नको म्हणवत नाही. फक्त "ग्रासियास" म्हणजे धन्यवाद लगेच म्हणायचं नाही. म्हटलं की "आता पुरे" असा अर्थ होतो आणि तुमची पाळी संपते.

काबो पोलोनियोचे फोटो पाठवले होते. तिथे डांबरी रस्ता जात नाही. हमरस्त्यावर बस सोडून देते, मग उघड्या उंच ट्रकमध्ये बसून वाळूच्या टेकड्यांतून सात किलोमीटर. गावात विजेच्या तारा नाहीत. रात्री मेणबत्त्या, कुठे सोलरचा एखादा दिवा, आणि 1881 सालच्या दीपगृहाचा झोत. खडकांवर समुद्रसिंह पडलेले असतात, रात्रभर त्यांचं ओरडणं ऐकू येतं. पहिल्या रात्री अंगणात आले आणि वर बघितलं. लहानपणी आपल्याकडे पावसात चार-चार दिवस लाइट जायचे, तेव्हा पडवीत बसून बाबा तारे दाखवायचे. इथले तारे वेगळे आहेत, दक्षिणेकडचे, पण अंधार तोच.

आता ती गोष्ट.

25 जानेवारीला, रविवारी, मी पोलोनियोहून निघाले. कास्तिशोस नावाच्या गावात गाडी बदलून पुढे पुंता देल दियाब्लोला जायचं होतं, चाळीसेक किलोमीटर. संध्याकाळी पाऊस सुरू झाला. कास्तिशोसच्या छोट्या स्टँडवर उतरले तर पुढची गाडी गेलेली. भिंतीवरच्या वेळापत्रकाचा फोटो माझ्याकडे आधीपासून होता, पण मी बघितला होता कामाच्या दिवसांचा रकाना. रविवार आणि सुट्ट्यांचा रकाना शेजारीच होता. बाबा, तुम्ही मला तीन गोष्टी शिकवल्यात: पुढच्या सीटवर बसायचं, उतरायचं गाव कंडक्टरला आधी सांगून ठेवायचं, आणि कुठेही उतरलं की आधी शेवटची गाडी विचारायची. तिसरी मी केली नाही. कागदावर विसंबले.

स्टँडवरची खिडकी बंद होत होती. बाहेर काळोख, पाऊस, आणि माझ्या फोनची बॅटरी नऊ टक्के. खोटं सांगत नाही, पोटात गोळा आला. मी ज्या गाडीने आले तिचा ग्वार्दा तेवढ्यात सामानाची दारं लावत होता. पन्नाशीचा माणूस. मी उतरायचं गाव त्याला आधी सांगून ठेवलं होतं, त्यामुळे माझं काय झालं ते त्याला विचारावं लागलं नाही. त्याने "त्रांकिला" म्हटलं, शांत रहा, आणि फोन लावला. दहा मिनिटांत एक सत्तरीची बाई छत्री घेऊन चालत आली. ती घरातली एक खोली पाहुण्यांना देते.

खोली तिच्या मुलाची होती. मुलगा स्पेनमध्ये असतो. इथली खूप मुलं बाहेर गेलीत, ब्वेनोस आयरेसला, स्पेनला. भिंतीवर त्याचा फुटबॉलचा शर्ट, कपाटावर शाळेतला फोटो, आणि पलंगावर कडक इस्त्रीची चादर. आई, माझ्या खोलीत तूही तशीच चादर घालून ठेवतेस.

पाऊस पडला की इथे "तोर्ता फ्रिता" करतात. आपल्याकडे भजी, तसं. कणीक मळून पुरीएवढ्या जाड चकत्या लाटायच्या, मधे भोक पाडायचं आणि तळायच्या. ती चरबीत तळतात, गाईच्या. मी तिला अडखळत सांगितलं की मी ते खात नाही. तिने काही विचारलं नाही. चरबीचा डबा फळीवर परत ठेवला, कढई पुसली आणि तेलाची बाटली काढली. टेबलाशी बसून आम्ही त्या गरम चकत्या साखर पेरून खाल्ल्या. ती मला "मिखा" म्हणत होती, म्हणजे पोरी. आणि सारखं "ता". हा इथला शब्द. हो, बरं, कळलं, झालं, चला, सगळ्याला "ता". आपलं "बरं" जसं.

तिने विचारलं, आई-वडिलांना कळवलंस का? तेव्हा इथे रात्रीचे साडेनऊ, म्हणजे तुमच्याकडे सकाळचे सहा. बाबा चहा टाकत असणार. फोन चार्जिंगला लावून मी तुम्हाला मेसेज केला: "पोचले." ते खोटं होतं. मी पोचले नव्हते.

सकाळच्या गाडीने निघाले तेव्हा पाऊस थांबला होता. कास्तिशोसच्या भोवती ताडासारख्या झाडांची राई आहे, मैलोन् मैल, कुरणात विखुरलेली. बुतिया म्हणतात. फळ पिवळं, आंबटगोड, त्याचा मुरांबा करतात. म्हातारीने मला एक बाटली बांधून दिली आणि राईबद्दल सांगितलं. झाडं दोनशे-तीनशे वर्षांची. फळं धरतात, बिया पडतात, कोंब येतात, पण गुरं कोंब खाऊन टाकतात. म्हणून सगळी झाडं म्हातारी, लहान रोपटं शोधून सापडत नाही. काही ठिकाणी आता कुंपण घालून गुरांना लांब ठेवतात, तिथे रोपं वर येताना दिसतात. मी खिडकीशी बसून ती झाडं मोजत राहिले. आपली वाडी डोळ्यांसमोर होती, तुमच्या दोघांसकट.

बाकी मोन्तेविदेओत सगळं छान चाललंय. 22 किलोमीटरहून लांब किनाऱ्याचा रस्ता आहे, त्याच्या एका भागाला महात्मा गांधींचं नाव. रविवारी संध्याकाळी गल्लीत ढोलवाले रस्त्याच्या कडेला शेकोटी करून ढोलांची कातडी तापवतात, आपल्याकडे हलगी तापवतात तशी. गुलाम म्हणून आफ्रिकेतून आणलेल्यांच्या वंशजांनी हे वादन राखलंय. आणि 2 तारखेला समुद्रदेवीचा दिवस होता, येमान्जाचा. संध्याकाळी हजारो लोक किनाऱ्यावर. वाऱ्याने विझू नये म्हणून वाळूत हाताने खड्डे उकरून आत मेणबत्त्या लावतात. निळ्या-पांढऱ्या लहान होड्यांत फुलं, फळं, कलिंगडं ठेवून पाण्यात सोडतात. एक बाई कमरेइतक्या पाण्यात उभी राहून लाट परत जायची वाट बघत होती, होडी उलटी येऊ नये म्हणून. हर्णैला नारळ सोडताना कोळी जसे थांबतात, तशीच. बाबा, या देशात सरकार आणि धर्म शंभर वर्षांपूर्वीच वेगळे केलेत. कॅलेंडरवर नाताळला "कुटुंबाचा दिवस" म्हणतात. आणि तरी किनाऱ्यावर ही गर्दी. कोणी कोणाला अडवत नाही.

आई, गेल्या श्रावणात तू पडवीत घसरून पडलीस. मला कळलं ते गणपतीला घरी आल्यावर, प्लास्टर बघून. मी किती चिडले होते तुम्हा दोघांवर. "पोरीला कशाला काळजी" असं बाबा म्हणाले, त्यावर मी दोन दिवस बोलले नाही. त्या रात्री कास्तिशोसमध्ये मी तेच केलं, त्याच कारणाने. चिडले होते त्याबद्दल माफ करा. पण यापुढे मी खरं तेच सांगणार, आणि तुम्हीही सांगायचं. गुडघा दुखतोय तर दुखतोय म्हण. बाबा, कानाचं यंत्र डबीत ठेवू नका, मी शिमग्याला येईन तेव्हा आपण दोघं डॉक्टरांकडे जाऊन ते नीट बसवून घेऊ.

7 तारखेला निघते. मुरांबा पोरांना न देता तुमच्यासाठी ठेवलाय.

बाबा, सोबत त्या रात्रीचं तिकीट जोडलंय, पोलोनियोच्या फाट्यापासून कास्तिशोसपर्यंतचं. मागची बाजू बघा. त्या ग्वार्दाने दिव्याखाली उभं राहून पेनाने रविवारच्या सगळ्या गाड्यांच्या वेळा लिहून दिल्यात. शेवटच्या गाडीखाली दोन रेघा मारल्यात, तुम्ही मारायचात तशा.

तुमची,
बाळी