फिनिशच्या पंधरा विभक्ती

एस्पो, फिनलंड
१२ नोव्हेंबर

प्रिय मंदार,

फिनिशला १५ विभक्ती आहेत म्हटल्यावर फोनवर केवढा हसलास! पण त्यातल्या सहा नुसत्या जागेच्या आहेत, आणि त्या चटकन बसतात. 'तालो' म्हणजे घर. 'तालोस्सा' घरात, 'तालोस्ता' घरातून, आणि 'तालोओन' म्हणजेही घरात, पण बाहेरून आत जाताना. 'वर'साठी अशीच दुसरी तिकडी: ल्ला, ल्ता, ल्ले. आपण घरात बसतो आणि घरात शिरतो, दोन्ही एकाच 'त'वर भागवतो. इथे ते चालत नाही.

गंमत पुढे आहे. किल्ली खिशात सापडत नाही, खिशा'तून' सापडते. फोन घरी विसरलास, तर इथल्या हिशेबाने तो घराच्या आत जाण्याच्या विभक्तीत विसरतोस. फोन जागचा हललेला नसतो, तरी दिशा लागतेच!

गावांचं तर विचारूच नकोस. हेलसिंकी 'आत'लं, पण तांपेरे, रोवानिएमी आणि इथून जवळचं वान्ता 'वर'चं. रशियासुद्धा वरच. गावागणिक पाठ करायचं. शिवाय प्रत्यय लागताना नावंही वाकतात: तुर्कूचं 'तुरुस्सा', लाहतीचं 'लाहदेस्सा'. वर्गातले इंग्रजीवाले यावर वैतागतात. आपल्याला त्याचं काय, पाणी-पाण्यात म्हणत तर मोठे झालो.

मला सगळ्यात आवडलं ते 'कोतोना', म्हणजे घरी. ('कोती' म्हणजे आपलं राहतं घर, 'तालो' नुसती इमारत.) त्यातला 'ना' हा जुना स्थळवाचक प्रत्यय. आता तो 'शिक्षक म्हणून', 'लहान असताना' अशा अर्थांकडे वळलाय, पण घरी, बाहेर, दूर अशा मोजक्या शब्दांत जुन्या अर्थानेच टिकून आहे. आपली सप्तमीची 'ई' आठव: घरी, दारी. कपाटी कोण म्हणतं? आणि 'घरी' व 'घरात' यांत आपल्याला जो फरक जाणवतो, तोच इथे 'कोतोना' आणि 'कोदिस्सा' यांत आहे.

घोडं अडलंय ते कर्माच्या विभक्तीपाशी. 'आम्मुइन कार्हुन' म्हणजे अस्वलाला गोळी घातली, अस्वल मेलं. 'आम्मुइन कार्हुआ' म्हणजे गोळी झाडली. पुढचं अस्वलाला ठाऊक. क्रियापद तेच, काम तडीस गेलं की नाही ते नामाचं शेपूट सांगतं. पुस्तक वाचून संपवलं की नुसतं वाचत होतो, तेही असंच. बोलताना मी अजून अडखळतो, आणि समोरचा निमूट थांबून राहतो.

तुझं जूनमध्ये यायचं नक्की ठरलं की कळव, तांपेरेची गाडी आधीच आरक्षित करतो. काकूंना नमस्कार.

तुझा,
निखिल