ओट्यावरचं नरसाळं

प्रिय मनू,

रविवारी तू न जेवता गेलीस. नरसाळं अजून ओट्यावरच आहे. आई म्हणते, आता लपवून काय उपयोग?

आधी तिचं सांगतो. रिपोर्ट ठीक आहेत. काळजी करू नकोस.

आता सॉसचं. माझी नोकरी गेली तेव्हा तू दुसरीत होतीस. मी दुसऱ्या कंपनीचा सॉस आणला, तर नुसतं झाकण बघून तू ताट सरकवलंस. चाखलाही नाहीस. मग मी आपल्या सॉसची रिकामी बाटली गरम पाण्याने धुतली, वाळवली आणि तू झोपल्यावर त्यात तो नवा सॉस ओतला. सकाळी बोट चाटून म्हणालीस, "हाच खरा!" मला हसू आलं, आणि मग मोरीत जाऊन तोंड धुवावं लागलं.

नोकरी परत लागली तेव्हा थांबायला हवं होतं. एकदा खराखुरा आणलाही. पण तो दिला असता तर तुला तोच खोटा वाटला असता. चव तुझी तोवर त्या ओतलेल्यावरच बसली होती. मैत्रिणींशी पैज लावून डोळे मिटून 'आपला' ओळखायचीस आणि जिंकायचीस. मी आत उभा राहून ऐकायचो. फार अभिमान वाटायचा. कशाचा, ते आज सांगता येत नाही.

तसं लेबलावर किती विसंबायचं म्हणा! केचपवाल्या हाइन्झ कंपनीच्या लेबलावरचा तो 57 आकडा. 1896 मध्ये हाइन्झसाहेबांनी '57 प्रकार' ही जाहिरात काढली, तेव्हा त्यांचा माल साठाहून जास्त प्रकारचा होता. आकडा कानाला बरा वाटला म्हणून ठेवला. हे मी माझ्या बचावासाठी सांगतोय, हे तुला कळलंच असेल. राहू दे.

आईचं बीपी निघाल्यापासून मी लेबलं वाचतो, पण मागच्या बाजूची. दिवसाचं मीठ 5 ग्रॅमच्या आत हवं, म्हणजे सोडियम साधारण 2000 मिलिग्रॅम. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात त्यातलं निम्म्याच्या आसपास संपतं. केचप त्या मानाने बरा, पण तू एका चमच्यावर कधी थांबलीस? कंपनी कुठलीही असो, मागची बाजू वाचत जा. आईचंच रक्त आहे तुझ्यात. झालं, लागलो शिकवायला. माफ कर.

दारात तू म्हणालीस, "मग आईच्या रिपोर्टमध्येही तुम्हीच काही ओतलंय का?" आई मागेच उभी होती. नंतर ती काही बोलली नाही, भांडी मात्र दोनदा घासली.

रिपोर्ट ठीक आहेत. म्हणजे डॉक्टर घाबरू नका म्हणाले. गोळी बदलली आहे आणि किडनीची एक तपासणी पुन्हा करायला सांगितली आहे. एवढंच. मी तिलाही 'ठीक' एवढंच सांगितलं आणि तिने लगेच मान डोलावली. तुझ्यासारखीच, झाकण बघून.

सोबत झेरॉक्स ठेवतो. दुसऱ्या पानावर लाल पेनाने केलेली खूण डॉक्टरांची आहे. वाचून मला फोन कर, घरच्या नंबरवर नको. तो आई उचलते.

तुझा,
बाबा